आतला माणूस

"हातात कला आहे, पण ऑफिसात कुणी आपला नाही," असं शेजारी लेथवाल्याबद्दल म्हणत. त्यात कीव जास्त की टोमणा, हे ठरवणं अवघड होतं.

पंपांचे दांडे तो असे कातून देई की घेणारा पुन्हा मोजत बसत नसे. काम वाढलं म्हणून त्याने दुसरा लेथ आणला. पण वाढीव विजेची जोडणी काही मिळेना. मशीन वर्षभर ताडपत्रीखाली उभं राहिलं. खिडकीवरचा कारकून दर खेपेला विचारी, "आत कोण आहे तुमचं?" जणू ते वीज ऑफिस नसून कुणाचं तरी सासर होतं. लेथवाल्याला त्या प्रश्नाची शिसारी आली होती. शहरात उद्योग का वाढत नाहीत यावर सभागृहात व्याख्यानं होत; हा आपला ताडपत्रीवरची धूळ झटके.

मग बायकोचा धाकटा भाऊ त्याच ऑफिसात साहेब होऊन आला.

"आता तरी जा," बायको म्हणाली. "पंपवाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. नंतर त्या मशीनवर मी कपडे वाळत घालू का?"

तो गेला आणि सवयीने रांगेत उभा राहिला. पुढे पिठाची गिरणी टाकू पाहणारी एक बाई होती. तिचे हेलपाटे त्याच्याहूनही जुने. शिपायाने मात्र त्यालाच दंडाला धरून आत नेलं. खोलीत शिळ्या चहाचा आणि ओलसर फायलींचा वास कोंदला होता. मेहुण्याने गठ्ठ्याच्या तळातून त्याचा अर्ज उपसला आणि उभ्याउभ्या सही ठोकली.

"झालं, भाऊजी. उद्या माणसं येतील."

"आणि त्या बाईचं?"

"तिचं कोण आहे इथे? आपल्या माणसाला रांग नसते."

काचेपलीकडून बाई पाहत होती. नजरेत राग नव्हता. याचंही कुणीतरी आत निघालंच, एवढंच होतं. ज्या घाणीपुढे लेथवाल्याने इतके दिवस नाक दाबलं, तिचा वास आता स्वतःच्याच अंगाला येत होता. समोर ठेवलेला, साय धरलेला चहा त्याने बाजूला सारला आणि अर्ज सहीसकट पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी खुपसला.

"अहो, ताई मला काय म्हणेल? मशीन सुरू व्हायला नको का तुमचं?"

लेथवाला रांगेकडे निघाला होता. दारातूनच म्हणाला, "हवं ना. पण उद्या तुझी बदली झाली, की तुझ्या ओळखीवर चालणारं मशीन काय तुझ्या सामानात बांधून पाठवू?"