ठिपकेमावशी आणि लिलीचा फोटो

फोटो धुऊन छापून देणाऱ्या त्या दुकानात, आतल्या खोलीत खिडकीपाशी ठिपकेमावशींचं टेबल होतं. निगेटिव्हवर धूळ बसली की फोटोवर पांढरा ठिपका उमटतो. तो बारीक कुंचल्यानं, आजूबाजूच्या काळ्या-करड्या रंगात मिसळून बुजवायचा, हे मावशींचं काम. सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या आणि त्यांच्या हातचा एकही फोटो तक्रार होऊन परत आला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. घरी जेवायला बसतानासुद्धा ताट उजेडाकडे तिरकं धरून बघायच्या. सून म्हणायची, "आई, तुमच्या हाती चंद्र लागला असता तर तोही डाग काढून ठेवला असतात."

दाताचे डॉक्टर दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. आठवडाभर लोकांच्या जबड्यात डोकावायचं आणि सुट्टीच्या दिवशी फुलांचे फोटो काढायचे, असा त्यांचा क्रम. वीस वर्षांच्या खटपटीनंतर त्यांचा एक काळा-पांढरा फोटो प्रदर्शनासाठी निवडला गेला. काळं टेबल, त्यावर काचेच्या पेल्यात एकच लिली, मागे काळोख. मोठा छापून तो मावशींकडे आला, तर टेबलावर पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता सडा.

"काय धूळ खाल्लीय या निगेटिव्हनं!" म्हणत मावशी बाह्या सरसावून बसल्या.

चाळीसेक ठिपके बुजवून झाल्यावर कुंचला थांबला. मागच्या काळोखात एकही ठिपका नव्हता. सगळे फुलाच्या बरोबर खाली होते. धूळ काही अशी जागा बघून बसत नाही. तिला फूल काय आणि भिंत काय, सारखंच. मावशींनी भिंग घेतलं. फुलातल्या केसरांवरही तीच भुकटी दिसली. पराग गळून टेबलावर पडला होता, आणि डॉक्टरांनी फोटो काढला होता तो त्या गळण्याचाच. आता त्यातले तीन कण उरले होते. शाई कागदात मुरली होती, ओल्या कापसानं पुसूनही निघेना.

मालकांनी फोटो पाहिला. "छान दिसतोय की! उलट जास्तच स्वच्छ. तुम्ही बोलला नाहीत तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. एवढं नाव कमावलंय, आता आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घेताय?"

मावशींना ते पटत होतं, हीच अडचण होती. त्यांनी दुपारभर दुसऱ्या कामाला हात लावला नाही. संध्याकाळी डॉक्टर आले, तेव्हा फोटोचं पाकीट उघडायच्या आधीच त्या बोलून मोकळ्या झाल्या. "डॉक्टर, माझ्या हातून चूक झाली. पराग मी धूळ समजून बुजवला."

डॉक्टर फोटो दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिले.

"तीन दिवस थांबलो होतो मी तो गळायला," ते म्हणाले. "पंखा लावला नाही. बायकोला टेबल पुसू दिलं नाही." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मावशींना बरं वाटलं असतं. मग ते मालकांकडे वळले. "दुसरा छापा. आणि या बाईंच्या हातात देऊ नका."

इतकी वर्षं मावशी म्हणणारा माणूस 'या बाई' म्हणाला. मावशींना ते फार लागलं. "बरोबर आहे," एवढंच बोलून त्या कुंचला धुवायला गेल्या.

प्रदर्शनाला त्या गेल्या, कुणी बोलावलं नव्हतं तरी. फोटो दारासमोरच्या भिंतीवर होता. पराग जिथल्या तिथे होता. त्यांनी कण न् कण नजरेखालून घातला. आणि वर उजव्या कोपऱ्यात, काळोखात, एक पांढरा ठिपका होता. तो पराग नव्हता. दुसऱ्यांदा छापताना बसलेली ती अस्सल धूळ होती, आणि या फोटोला कुंचला लावायची कुणाची छाती झाली नव्हती. मावशींचे हात शिवशिवले.

डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले. राग निवळला होता, थोडे ओशाळलेलेही होते. "बघा मावशी," ते म्हणाले, "एकही कण गेलेला नाही."

कोपऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी मावशींची किंमत तिथल्या तिथे सगळ्यांना कळली असती. डॉक्टर फोटोकडे बघत होते. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"हो," मावशी म्हणाल्या, "सगळे आहेत."