उजेडात या

“उजेडात या,” हे आमच्या बोरीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचं पहिलं वाक्य. माणूस खरूज घेऊन येवो की गजकर्ण, त्या त्याचा हात धरून त्याला दारातल्या कोवळ्या उन्हात आणायच्या. मग तो हात इतक्या मायेनं उलटसुलट बघायच्या, की आपला हात आपल्यालाच नवा वाटावा.

“घरात टावेल किती?”

“एकच.”

“मंग गजकर्णबी सगळ्याईचंच. दुकानातली ती टूब फेका. खाज दबती, गजकर्ण पसरतं.”

खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, हा त्यांचा कायदा. कुणी म्हणालं, “सासूला खाज न्हाई,” की त्या शांतपणे म्हणायच्या, “येईल.”

मी इथल्याच शाळेत शिक्षक. एका हिवाळ्यात माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, फिकट चट्टा उठला. नायटा म्हणून मी तीन महिने मलम चोळलं. मनात मात्र दुसराच रोग होता. त्या भीतीनं चार वर्षांच्या लेकीला मांडीवर घेणं सोडलं. बायकोनं विचारलं तर म्हणालो, उकडतंय. ऐन थंडीत! इतकं कच्चं खोटं माझे विद्यार्थीही बोलत नाहीत.

शेवटी गेलो. कापसाच्या गाड्या जाण्याचे दिवस होते. समोरच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते, उन्हात तंतू तरंगत होते. नर्सबाईंनी कापसाला पीळ देऊन बारीक टोक काढलं.

“डोळे मिटा. कापूस कळंल तिथं बोट ठेवा.”

मी पापण्यांच्या फटीतून बघितलं आणि बरोबर चट्ट्यावर बोट ठेवलं.

“मास्तर, कापी करायलाव का?”

हसत त्यांनी आपला तळवा माझ्या डोळ्यांवर ठेवला. तांबूस, उबदार अंधार झाला. कापूस कोपराला कळला, बोटांना कळला. मग बराच वेळ काहीच नाही.

“लावा ना,” मी म्हणालो.

“तीनदा लावला, मास्तर.”

त्यांनी तळवा लगेच काढला नाही. तो ओला झालेला त्यांना कळला असणार.

डॉक्टरांनी तपासलं. कुष्ठरोगच होता. गोळ्यांचा पहिला डोस नर्सबाईंनी समोर उभं राहून गिळायला लावला. “सहा म्हैने चुकवायच्या न्हाईत. बरा होतो हा. आन् आज लेकीला मांडीवर घ्यायचं. उद्या येऊन मला सांगायचं.”

त्या संध्याकाळी लेक त्याच हातावर डोकं ठेवून झोपली. हाताला मुंग्या आल्या, तरी मी हललो नाही. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या माणसाला म्हणाल्या, “उजेडात या.”

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, तर त्याला वेळेत भेटून घ्या. आभार मानायला मला उशीर झाला. नर्सबाई निवृत्त होऊन पाथरीला भावाकडे गेल्या आणि मागच्या हिवाळ्यात तिथंच वारल्या.

चट्टा आता जवळजवळ दिसत नाही. लेक मोठी झाली आहे. कधी मी ओट्यावर उन्हात बसलेलो असतो, ती मागून येऊन माझे डोळे झाकते. “ओळखा कोण?”

मी तिचं नाव लगेच सांगत नाही. थोडा वेळ तसाच बसून राहतो.