भरबाजारातला ढोल

खांडबारा स्टेशनावर परका माणूस उतरला की कुणीतरी त्याला सांगतंच, "रुळापलीकडच्या भिलाटीत जाऊ नका. लुटारू लोक." त्या भिलांच्या वस्तीतला जालमसिंग रेल्वेच्या माझ्याच गँगमध्ये होता. आम्ही वर्षानुवर्षं रुळाखालचे स्लीपर एकत्र उचलले. खांदा चोरणारा माणूस पहिल्या दिवशी कळतो. जालमसिंगने कधी चोरला नाही.

भिलाटीचं नाव संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात खराब झालं. भुकेल्या लोकांनी बाजारातलं धान्याचं एक दुकान फोडलं. तेव्हापासून होळीला पलीकडे ढोल वाजला की बाजारातल्या दुकानांच्या फळ्या लागत. फोडणारे मेले, त्यांची पोरं कर्ती झाली, तरी फळ्या लागतच होत्या.

ते दुकान रिखबचंद शेटच्या बापाचं. एका वर्षी शेटने पोलीस पाटलाला गाठलं. पाटलाचा भिलाटीत निरोप गेला: या होळीला वाजवाल तर ढोल जप्त.

ढोल जालमसिंगचा. शिवणीच्या झाडाचं खोड त्याने स्वतः आणलं, स्वतः पोखरलं. दिवसभर रुळावर राबून उरलेल्या उजेडात तो त्यावर काम करत बसे. कातडं ओलं असताना ताणायचं, वाळताना पुन्हा ताणायचं. घाई केली की आवाज फाटतो. ढोलाशिवाय भिलाटीत होळी पेटत नाही, एवढं पाटलालाही माहीत होतं.

होळीआधीचा बाजार भरला. भर दुपारी जालमसिंग ढोल गळ्यात अडकवून आला, रिखबचंदच्या ओट्यासमोर उभा राहिला आणि वाजवू लागला. धडाधड फळ्या लागल्या.

"बंद कर! पाटीलले बलाऊ का?" शेट आतून ओरडला.

"बलावा, शेट. रातले ज्या आवाजले भ्यातस, तो दिवसा ऐकी ल्या. हाऊ होळीना ठेका." त्याने हात बदलला. "हाऊ गावमा वाघ उना म्हंजे वाजाडाना." मग फार संथ. "आनि हाऊ मयतना."

फळीआडून कुणी टोमणा मारला, "आन लूट कराना कोनता?"

"तो माले कोनी शिकाडा नही. तुमले येत व्हई ते या, वाजाडा." त्याने काठी पुढे केली. कुणी आलं नाही.

तेवढ्यात शेटची आई हुलासबाई ओट्यावर आली. पदर नाकापर्यंत.

"माय, तू आत जाय," शेट म्हणाला.

"इतला वरीस आतच व्हती. छप्पनमा दुकान फुटनं, तवय मी नवी नवरी. कोठीमांगे लपेल व्हती. तवय ढोल वाजना नही, रिखब. त्या लोकेसना अंगमा काठी उचलाना जोर नव्हता."

पाटील आला. म्हणाला, ढोल चावडीत ठेव, होळीनंतर ने.

जालमसिंगने ढोल गळ्यातून काढला नाही. "ढोल लई जाशात ते माले बी ल्या, पाटील. तो एकला वाजत नही."

पाटलाने ओट्याकडे पाहिलं. हुलासबाई आत गेली नव्हती. पाटीलच गेला.

त्या होळीला ढोल वाजला. निम्म्या फळ्या लागल्या. पुढच्या वर्षी थोड्या कमी. रिखबचंदने होळीला आपल्या फळ्या कधीच उघड्या ठेवल्या नाहीत. त्याची आई मात्र ओट्यावर बसून ऐके.

जालमसिंग गेला तेव्हा त्याच ढोलावर तो संथ ठेका वाजला. मी बाजारात होतो. एकही फळी हलली नाही. मीठवाल्याने तागडी खाली ठेवली आणि विचारलं, "कोन गया?"

भिलाटीचं नाव बदललं का? नाही. स्टेशनावर परक्याला आजही तेच सांगतात. मी आता कामावर नसलो तरी तिथल्या बाकावर असतो. सांगणाऱ्याला विचारतो, "तू कधी गेला होतास?" मग मी पाहुण्याची पेटी खांद्यावर घेतो आणि रूळ ओलांडतो. खांदा अजून चालतो.