गोदूबाईंचं वैर

चौऱ्याण्णव साली आमचा निहार झाला तेव्हा आम्हाला पुण्याहून बंगळूरला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, घरी मोठं माणूस कुणी नाही. राजाजीनगरातल्या आमच्या घरमालकीणबाई एक दिवस एका उंच, हाडापेराने दणकट बाईंना घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "या तुमच्याच भाषेतल्या. बाळाला अंघोळ यांच्याकडून घाला."

त्या गोदूबाई. मूळच्या निपाणीच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. नवरा गेल्यावर त्यांनी बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायचं काम धरलं होतं. त्यांच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या "मी येतो, मी जातो" म्हणायच्या आणि मधूनच कन्नड पेरायच्या. "स्वल्प थांबा वैनी, पाणी कडक आहे." निहारला पायांवर पालथा घालून तेल चोळताना त्यांचं तोंड सतत चालू असे. सगळ्यात जास्त बोलत त्या त्यांच्या मुलीबद्दल, शिवलीलाबद्दल. तिला दिवस गेले होते. जावई मंजुनाथ सिटी बसवर कंडक्टर. पहिली मुलगी सिद्धी बालवाडीत. "आता पोरगा होऊ दे की पोरगी, मी त्याला असा रगडतो बघा, पैलवान करतो," त्या म्हणायच्या.

शिवलीलाला मुलगा झाला आणि गोदूबाई यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, घरात बाळंतीण आहे, सवड नसेल. मग त्या एकदा आल्या त्या हात न धुता, चप्पल न काढता तशाच दारात उभ्या राहिल्या. "वैनी, पोर रडायचं थांबत नाही. अंग थरथर कापतंय. दूध ओढत नाही. पोटाला हिंग लावून झाला, दृष्ट काढून झाली. मी एवढी पोरं हाताळली, असलं रडणं कधी ऐकलं नाही."

शिवलीला आणि बाळाला घेऊन मी त्यांच्याबरोबर सरकारी इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टर श्यामला धारवाडकडच्या, थोडं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी बाळाला तपासलं, मग आम्हाला बाहेर बसवून शिवलीलाला आत नेलं. बऱ्याच वेळाने त्यांनी गोदूबाईंना बोलावलं. शिवलीला भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टरांनी तिच्या मांडीवरचं लुगडं जरासं वर केलं. मांडी सुयांच्या खुणांनी भरली होती. कातडी काळवंडून लाकडासारखी कडक झाली होती.

"दुखणं मारायचं इंजेक्शन आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दिवसातून किती तरी वेळा घेत होती. पोटात असताना बाळाला रक्तातून तेच मिळत होतं. जन्मल्यावर ते एकदम थांबलं. म्हणून तो कापतोय. तो बरा होईल. त्याला औषध देऊन हळूहळू सोडवू. आणि हिलाही."

"कुणी दिलं तुला?" गोदूबाईंनी विचारलं.

शिवलीला भिंतीकडेच बघत म्हणाली, "रत्नाकरमामांनी."

रत्नाकर म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक. खानापूरचा. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे. कुणाच्या घरी आजारपण आलं की स्वतः गोळ्या घेऊन जाणारा. त्याच्या दुकानात काउंटरच्या मागे एक पडदा होता, पडद्यामागे बाक, आणि तिथे तो चिठ्ठीबिठ्ठी न बघता सुई टोचायचा. सिद्धीच्या वेळी शिवलीलाचं पोट फाडावं लागलं होतं. त्यानंतर तिची कंबर धरली ती सुटेना. तेव्हा गोदूबाईंनीच तिला त्याच्याकडे नेलं होतं. तो म्हणाला होता, "अक्का, दवाखान्यात कशाला रांग लावता? मी आहे ना." एका सुईत कंबर मोकळी झाली. गोदूबाईंनी त्याला घरची कडबोळी नेऊन दिली होती.

पुढे शिवलीला एकटी जाऊ लागली. सकाळी, मग दुपारीही. कंबर केव्हाच बरी झाली होती, पण सुई चुकली की हातपाय ओढत, नाकाडोळ्यांतून पाणी वाहे, आतडी पिळवटत. घरातली तांब्याची घागर गेली, कानातली फुलं गेली. विचारलं की ती म्हणे, हरवलं. पोट दिसू लागल्यावर तिने रत्नाकरला विचारलंही होतं, बाळाला काही होणार नाही ना? तो म्हणाला होता, "काही होत नाही. सगळ्या घेतात."

हे ऐकून गोदूबाई इस्पितळातून थेट त्याच्या दुकानात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी काउंटरवरची काचेची बरणी उचलून खाली आपटली.

"माझ्या लेकीला काय घातलंस?"

रत्नाकर घाबरला नाही. फुटलेल्या काचांकडे बघत शांतपणे म्हणाला, "अक्का, मी कुणाच्या घरी बोलवायला जात नाही. ती स्वतःच्या पायांनी आली. लेकीला सांभाळता आलं नाही, आता माझ्यावर कशाला?"

परत येताना त्या रस्त्यात थांबल्या. "वैनी, याला मी उठवतो इथून," त्या म्हणाल्या. "माझा जीव गेला तरी चालेल."

त्या काळी व्यसन सोडवायचा विभाग म्हणजे दारुड्या पुरुषांची खोली. अंगावर पिणारं मूल घेऊन आलेल्या बाईला कुठे ठेवायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. डॉक्टर श्यामलांनी भांडून बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळवली. आई आणि मूल एकत्र राहतील, असं त्यांनी ठाम सांगितलं. शिवलीलाला जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली, ती थोडी थोडी कमी करत आणायची होती. मंजुनाथ पहिल्यांदा आला तो पोरांना घेऊन गावी जायला निघाला होता. डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. "तिला सोडून जाल तर ती महिन्याभरात परत सुईवर जाईल. मधुमेह झाला असता तर सोडलं असतं का?" तो कंडक्टरच्या खाकी कपड्यांतच आला होता. तो उठला, पिशवीतून आणलेली संत्री खाटेवर ठेवून ड्युटीवर गेला. दुसऱ्या दिवशी परत आला.

गोदूबाईंना मात्र हे सगळं पुरत नव्हतं. त्यांच्या नावाने इंग्रजीत तक्रारीचा अर्ज मी लिहून दिला. औषधखात्याचा माणूस आला, कपाटं बघितली, पावत्या बघितल्या, रत्नाकरकडे कॉफी प्याला आणि गेला. दुकानात काही सापडलं नाही. त्या गणपतीतही रत्नाकर आरतीला पुढेच होता.

तेव्हा गोदूबाईंनी वेगळंच काढलं. बाळ घरी आल्यावर, ते अजून अधूनमधून थरथरायचं तेव्हा, त्या रोज दुपारी त्याला मांडीवर घेऊन दुकानासमोरच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसू लागल्या. दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक बाईला हाक मारायच्या. मराठीत, कन्नडात, मोडक्या हिंदीत. "सुई घ्यायला आलीस? हे बघ. याच सुईनं हा असा झाला." बायका थबकायच्या, बाळाकडे बघायच्या, पदर ओढून परत फिरायच्या. रत्नाकरने पोलिसाला बोलावलं. पोलिसाने विचारलं, "अम्मा, इथे काय करता?" त्या म्हणाल्या, "नातवाला ऊन दाखवतो." पोलीस आल्या वाटेने परत गेला.

सकाळी त्या पुन्हा घरोघर अंघोळी घालू लागल्या होत्या. डॉक्टर श्यामलांनी त्यांना सांगितलं होतं, प्रत्येक बाळंतिणीला विचारा, कंबरेसाठी, झोपेसाठी, खोकल्यासाठी काय घेता, कुणाकडून घेता. शंका आली तर रागावू नका, माझ्याकडे आणा. गोदूबाईंनी ते काम असं केलं की डॉक्टरही थक्क झाल्या. कितीतरी जणींना त्यांनी हाताला धरून तिकडे नेलं. एकदा मी म्हटलं, "गोदूबाई, मोठं पुण्याचं काम करताय." त्यांनी निहारच्या डोक्यावर पाणी ओतता ओतता माझ्याकडे बघितलं.

"पुण्यबिण्य काही नाही वैनी. एक बाई सुटली की त्याचं एक गिऱ्हाईक मेलं. मी तेवढंच मोजतो."

मधेच शिवलीला घसरली. घरी येऊन बरेच दिवस झाले होते, सगळं सरळ चाललंय असं वाटत होतं, आणि ती बनशंकरी भागात मावशीकडे म्हणून गेली ती तिथल्या कुठल्याशा दुकानातून सुई टोचून घेऊन आली. गोदूबाईंनी तिला केसांना धरून इस्पितळात आणलं आणि डॉक्टरांच्या देखत हात उगारला. डॉक्टरांनी तो हात वरच्या वर धरला.

"आजार आहे हा. उलटतो कधी कधी. परत उपचार करू. तुम्हाला चिडायचंच असेल तर ज्याने लावलं त्याच्यावर चिडा. हिच्यावर चिडलात तर ही पुढच्या वेळी तुमच्यापासून लपवेल."

गोदूबाईंनी हात खाली घेतला. त्यानंतर मुलीवर त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. जेवढा राग होता तो सगळा त्यांनी एका बाजूला वळवला.

दुकानाच्या माडीवरच रत्नाकरचं घर होतं. त्याची बायको मथुरा क्वचितच खाली यायची. गणपतीत दिसली तरी कोपऱ्यात, लांब बाह्यांचा ब्लाउज घालून. एका दुपारी ती जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत गोदूबाईंच्या शेजारी बाकड्यावर येऊन बसली. तिला सहावा महिना होता. ती हळूच म्हणाली, "अक्का, मलापण त्या डॉक्टरांकडं न्या."

"कशाला?"

मथुराने हात पुढे केले. ते कापत होते. पहिलं मूल पोटातच दगावल्यावर तिला झोप लागत नव्हती, तेव्हा नवऱ्यानेच सुई सुरू केली होती.

मला हे गोदूबाईंनी नंतर सांगितलं. "वैनी, खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. देवानं याच्या घरात पण तेच दिलं, असं आलं मनात. पोरगी समोर रडत होती आणि मला हसू फुटायला लागलं होतं. मग तिनं माझ्या नातवाला हात लावला. तो पण कापत होता, ती पण. मग मी उठलो."

त्यांनी रिक्षा थांबवली. रत्नाकर दुकानातून धावत आला. "मथुरा, वर जा! अक्का, आमच्या घरच्या गोष्टीत पडू नका."

"तुझं घर?" गोदूबाई म्हणाल्या. "माझ्या घरात शिरताना तू विचारलं होतंस?" त्यांनी मथुराला आत ढकललं, बाळासकट स्वतः बसल्या आणि रिक्षावाल्याला घाई केली, "होगप्पा, नडी बेगा."

इस्पितळात मथुराने डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि पोलिसांनाही. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. निरोप आल्यावर मीही तिथे पोचले होते. डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं की उपचार मिळायला जबाब द्यायची काही अट नाही. ती म्हणाली, "मला द्यायचाय." इंजेक्शनची खोकी दुकानात नव्हतीच. माडीवर, देव्हाऱ्याखालच्या कपाटात होती. या वेळी अधिकारी कॉफी न पिता वर गेले. त्याच संध्याकाळी दुकानाला सील लागलं. गोदूबाई समोर उभ्या होत्या. लाख वितळून कुलपावर ठसा उमटेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. मधल्या काळात रत्नाकरचा थोरला भाऊ फळांची करंडी घेऊन गोदूबाईंकडे आला. झालं गेलं विसरा, त्याचं आयुष्य बरबाद होईल, म्हणाला. गोदूबाईंनी करंडी उंबऱ्याबाहेर ठेवली. "त्याचं बरबाद व्हावं म्हणूनच मी धडपडतो. तुम्हाला कुणी काय वेगळं सांगितलं?"

साक्षीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी इरकल नेसलं होतं. आरोपीच्या वकिलाने खूप फिरवून फिरवून विचारलं आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे तुमचं आरोपीशी वैर आहे. वैरापोटी तुम्ही साक्ष देताय."

त्यांनी रत्नाकरकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"आहे की वैर," त्या म्हणाल्या. "नसतं तर एवढ्या लांब कशाला आलो असतो? पण वैर आहे म्हणून खोटं बोलायची मला गरज नाही. खरंच पुरेसं आहे."

रत्नाकरला शिक्षा झाली. पुढे काही वर्षांनी सुटून आल्यावर त्याने देवनहळ्ळीकडे कुणाच्या तरी शेतावर देखरेखीचं काम धरलं, असं ऐकलं. औषधाचं दुकान त्याला पुन्हा काढता आलं नाही. मथुरा बाळंतपणानंतर खानापूरला माहेरी गेली. तिची मुलगी जन्मली तीही थोडी कापत होती, पण डॉक्टर तयारीत होत्या, आईचे उपचार आधीच चालू होते. फार दिवस लागले नाहीत.

शिवलीला पुढे दर आठवड्याला इस्पितळात जाऊ लागली, पण पेशंट म्हणून नाही. नव्या आलेल्या बायकांजवळ बसायची. सांगायची, मी घसरले होते, परत आले. तिचा मुलगा चांगला धष्टपुष्ट झाला, बोलायला जरा उशिरा लागला एवढंच. आम्ही सत्त्याण्णवच्या शेवटी पुण्याला परत निघालो तेव्हा मायलेकी निरोप द्यायला आल्या होत्या. बोलता बोलता रत्नाकरचा विषय निघाला आणि गोदूबाईंचा चेहरा पुन्हा तसाच कठोर झाला.

शिवलीला म्हणाली, "आई, आता पुरे की. मी झाले ना बरी?"

"तू झालीस बाई," गोदूबाई म्हणाल्या, "मी कुठं आजारी होतो, बरी व्हायला?"

मग त्यांनी निहारला जवळ ओढलं, त्याच्या दंडांना हात लावून बघितला आणि मला म्हणाल्या, "वैनी, याला तेल लावायचं सोडलंत काय? अंग कोरडं पडलंय."