खुर्चीतून उठण्याचे तीन महिने

कारखान्यात त्याला सगळे दीडहात म्हणत. एकतीस वर्षं तो एकाच लेथ मशीनवर उभा राहिला. पाने, मोजमापाची अवजारं, तेलाची बाटली, कच्चा माल, सगळं दीड हाताच्या आत मांडलेलं. एकदा कामगारांच्या हालचाली मोजायला घड्याळ घेऊन एक साहेब आला. दोन तास शेजारी उभा राहिला आणि वही कोरी ठेवून निघून गेला. दीडहातच्या कामात फुकटची एक हालचाल त्याला सापडली नाही.

निवृत्त झाला त्या दिवशी तो खुर्चीत बसला आणि बायकोला म्हणाला, “उभं राहायचा माझा कोटा संपला.” तिला वाटलं, बसेल आठवडाभर. तो चार वर्षं बसला.

व्यायामाचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरे. समोरच्या बागेत सकाळी लोक हात फिरवत चालत. खिडकीतून बघून तो म्हणे, “एवढे हात फिरवले, तयार काय झालं? चिमूटभर लोखंडाचा कीससुद्धा पडला नाही.”

मग मांड्या सुकल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, “हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठता आलं पाहिजे. तीन महिन्यांत जमलं नाही, तर तिसऱ्या मजल्यावरचं घर विसरा.”

इमारतीला लिफ्ट नव्हती. मुलाचं घर तळमजल्यावर होतं, पण तिथे एका खाटेपुरती जागा. आईला मुलगी नेणार, दुसऱ्या गावी. पोरांनी हे फोनवर आपसांत ठरवूनही टाकलं. म्हणजे पाच वेळा उठायचं, नाहीतर बेचाळीस वर्षांचा संसार दोन गावांत वाटायचा.

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या ताई घरी आल्या. चांगली बाई. आरडाओरडा नाही.

“काका, व्यायाम नको ना? नका करू. टीव्हीवर जाहिरात लागली की उभे राहा. पाणी स्वतः आत जाऊन घ्या. फोन आला की उभ्यानं बोला. दाढी बेसिनपाशी उभं राहून करा, करताना टाचा उचला. बस.”

“एवढंच?” दीडहात म्हणाला.

“एवढंच. पण रोज.”

बायकोनं त्याच दिवशी पाण्याचा तांब्या आत नेला, फोन खिडकीच्या फळीवर ठेवला. तिला वाटलं, आता झक मारत उठेल. पण माणूस एकतीस वर्षं हालचाल वाचवायला शिकला होता. त्याला समोर अंतर दिसलं की हात शिवशिवत. त्यानं शेजारच्या सुताराकडून फळीचा तुकडा मागवला आणि खुर्चीच्या हाताला फळी ठोकली. फोन त्या फळीवर आला. काठीला आकडा बसवून पेपर दारातून ओढायची सोय केली. खिळ्याला आरसा टांगून दाढी बसल्याजागी. जाहिरात लागली की तो चॅनेल बदले. पाण्यासाठी उठावं लागू नये म्हणून तो पाणीच कमी प्यायला लागला. हे सगळं त्यानं दुपारभर घाम गाळून, नीट मापं घेऊन केलं. काम चोख होतं.

“अहो, काय चाललंय हे?” बायको म्हणाली. “ताईंनी उठायला सांगितलंय, बसायची सोय करायला नाही.”

“सवय आहे गं. होईल हळूहळू.”

“हळूहळू? मी काय तुमची सुपरवायझर आहे, मुदत वाढवून द्यायला?”

बोलायची, आणि पाणी तीच आणून द्यायची. त्याचे ओठ कोरडे दिसले की तिला बघवत नसे. चष्मा तीच, गोळ्या तीच, दार उघडायलाही तीच.

दुसरा महिना सरता सरता ताई आल्या आणि दीडहातकडे न बघता बायकोच्या गुडघ्याकडे बघत राहिल्या. गुडघा सुजून टम्म झाला होता.

“काकू, हे कधीपासून?”

“असंच आहे. घरात फेऱ्या होतात ना.”

“कोणासाठी?”

बायकोनं गुडघा पदरानं झाकला. दीडहातनं मान खाली घातली. त्यानं वाचवलेली एकही हालचाल वाचली नव्हती. ती सगळी तिच्या गुडघ्यांत गेली होती. आपलं काम दुसऱ्याच्या मशीनवर ढकलणारे कामगार त्यानं पाहिले होते. अशांच्या शेजारी बसून तो डबा उघडत नसे.

त्या दिवशी त्यानं फळी उपटली. तांब्यापर्यंत भिंत धरून गेला, धापा टाकत परत आला. जाहिरात लागली की उठू लागला. पहिले दहा दिवस हातांवर जोर द्यावा लागला. बाराव्या दिवशी हात मांडीवर ठेवून तो एकदा उठला.

“उठलात!” बायको पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. “परत उठा बघू!”

परत नाही जमलं. पण तीन आठवड्यांत तो तीनपर्यंत पोचला. शेवटच्या दिवशी चार.

दवाखान्यात जायला तीन मजले उतरावे लागले. पाय तिथेच संपले. डॉक्टर म्हणाले, “हं, उठा.” तो पुढे झुकला, दात आवळले, मांड्या थरथरल्या. ढुंगण खुर्चीवरून हललं नाही.

“घरी चार वेळा जमतं, डॉक्टर,” बायको म्हणाली.

“आज किती वेळा जमलं?”

परत येताना दुसऱ्या मजल्यावर तो पायरीवर बसला तो बसलाच. सुतार आणि त्याच्या भावानं उचलून वर नेलं. मुलाला कोणी फोन केला ते त्यानं विचारलं नाही.

चार दिवसांनी मुलगा गाडी घेऊन आला. त्याला खुर्चीत बसवून उचललं. पुढे मुलगा, मागे सुतार. पहिल्याच वळणावर खुर्ची कलली.

“कमरेतून वाकू नकोस,” दीडहात मुलाला म्हणाला. “गुडघे वाकव. वजन अंगाजवळ धर.”

“बाबा, गप्प बसा हो जरा.”

त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. खाली गाडीत टेकवल्यावर सगळे थांबले, कारण बायको अजून जिन्यातच होती. एकेक पायरी, कठडा धरून. बऱ्याच वेळानं ती आली आणि गोळ्यांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

“तू आता वर कशी जाणार?”

“जाईन. बसत बसत.”

“पोरगी कधी येतेय?”

“रविवारी.”

मुलानं दार लावलं. गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी कठड्यावर हात ठेवून उभी होती. पहिली पायरी तिनं अजून चढली नव्हती.