नैमिषारण्य ते मिश्रिख, एकटीने

सुलभाने नैमिषारण्यापासून मिश्रिखपर्यंत एकटीने चालत जायचा बेत मला सांगितला, तेव्हा माझी तव्यावरची पोळी जळाली.

"अकरा किलोमीटर," ती म्हणाली. "सकाळी आठला निघायचं, बारापर्यंत पोचायचं. एवढंच."

एवढंच म्हणे! बाई सहासष्ट वर्षांची. गेल्या थंडीत न्हाणीघरात पाय घसरून पडली तेव्हा मनगट मोडलं होतं. मी बरोबर तिच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहते. पण मला काही ऐकू आलं नाही. कामवाली आली तोवर ती तीन तास तिथेच पडून होती. 

लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या या घरात आम्ही दोघी सत्तावीस वर्षं खालीवर राहतोय. सुलभा मूळची साताऱ्याची. इथल्या वनस्पती-संशोधन संस्थेत तिने तीस वर्षं वाळवलेल्या झाडाझुडपांचे नमुने सांभाळले. कुठलं पान कधी, कुठे तोडलं, कुणी तोडलं, सगळं पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहायचं. शाई पसरते, पेन्सिल राहते, हे तिचं ब्रह्मवाक्य. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. एकुलता एक निनाद लखनौत जन्मला, इथेच वाढला आणि नोकरीला गेला पुण्याला. म्हणजे आई महाराष्ट्रातली ती इथे, आणि मुलगा इथला तो तिकडे. तिच्या पडण्यानंतर त्याने एकच धोशा लावला होता: होळीनंतर आई पुण्याला येणार, इथलं घर विकायचं. तिची खोलीसुद्धा त्याने रंगवून ठेवली होती.

सुलभाने त्याला ना हो म्हटलं, ना नाही. तिने स्वतःशीच एक ठरवलं. अकरा किलोमीटर एकटीने, कुणाचाही हात न धरता चालता आले, तर निनादला ठणकावून सांगायचं की मी इथेच राहणार. नाही आले, तर मुकाट्याने पुण्याला जायचं.

"मग फाल्गुनात जा ना," मी म्हटलं. "चौऱ्याऐंशी कोसांची परिक्रमा असते, हजारो लोक त्याच वाटेने चालतात. सोबत तरी होईल."

"गर्दीत माणूस चालत नाही गं, ढकलला जातो. मग मला काय कळणार?"

मी चरफडत दुसरी पोळी टाकली. खरं सांगायचं तर मला दोन्ही भीती होत्या. ती वाटेत कुठे पडेल ही एक. आणि ती पुण्याला गेली तर खालच्या घरात कुणीतरी परके येतील, संध्याकाळचा चहा मी कुणाबरोबर पिऊ, ही दुसरी. दुसरी मी तिला सांगितली नाही.

डिसेंबरच्या शेवटी तिने नैमिषारण्यातल्या एका धर्मशाळेत फोन लावला. तिथले व्यवस्थापक त्रिवेदीजी फार सज्जन माणूस. आदल्या रात्री मुक्काम, सकाळी प्रस्थान, सगळं त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "माताजी, अकेली आ रही हैं तो किसी घरवाले का नंबर लिखवाइए."

माझा नंबर दे म्हणावं, तर माझा फोन कुठे असतो हे माझं मलाच ठाऊक नसतं. "निनादचाच दे," मी म्हटलं. "नुसतं लिहून ठेवायला. कोण करतंय फोन?" ही अक्कल माझी.

त्रिवेदीजींनी दिवस दिला तो तिथीने. माघ बदी सप्तमी. बदी म्हणजे आपला वद्य, एवढं इथे राहून आम्हाला कळत होतं. सुलभाने भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. ते दर वर्षी साताऱ्याहून तिची वहिनी पाठवते. माघ वद्य सप्तमी, आठ फेब्रुवारी. मीही चष्मा लावून खात्री केली. वा, म्हटलं, बरंच झालं, तोवर धुकं ओसरेल. तिने पेन्सिलीने तारखेला गोल केला.

मग तयारी सुरू झाली आणि माझी झोप उडाली. ती रोज सकाळी आमच्या जवळच्या कपूरथळा बाजाराला फेऱ्या मारायची, मी गच्चीवरून बघत उभी. दोन किलोमीटर, मग चार, मग सहा. परत यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी जिन्यात. रक्तदाबाची गोळी घेतलीस का, मोज्यांना भोक तर नाही, वाटेत कुत्री असतील, उसाचे ट्रक असतील. माझं हे पुराण चालू झालं की ती म्हणायची, "कल्पना, तू चालणार आहेस की मी?"

दहा जानेवारीला आम्ही लखनौच्या जुन्या बाजारात, अमीनाबादेत, लोकरी मोजे घ्यायला गेलो. तिथल्या गर्दीत आणि आरडाओरड्यात पर्समधला फोन कुणाला ऐकू येणार? दीड-दोन तासांनी रिक्षात बसल्यावर सुलभाने फोन काढला. निनादचे एकवीस कॉल, त्याआधी धर्मशाळेचे चार.

तिने लावला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग तो ओरडला, "आई! कहाँ हो तुम?"

"अमीनाबादेत. मोजे घेतले."

झालं होतं असं. त्रिवेदीजी सकाळपासून वाट बघत होते. खोली झाडून ठेवलेली, रजई उन्हात घालावी तर ऊनच नाही. दुपार झाली तरी माताजी नाहीत, फोन उचलत नाहीत, आणि बाहेर दहा पावलांवरचं दिसत नाही इतकं धुकं. शेवटी घाबरून त्यांनी घरवाल्याच्या नंबरावर फोन केला: "आपकी माताजी अभी तक नहीं पहुँचीं." ज्या मुलाला आईच्या बेताचा पत्ताच नव्हता, त्याने हे पुण्यात ऑफिसात बसून ऐकलं.

चूक कुणाची? या मुलखात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच, वद्य पक्षात मात्र त्यांचा एक पुढे. त्यांचा माघ वद्य म्हणजे आपला पौष वद्य. इतकी वर्षं इथे काढली, सामोशाबरोबर हिरवी चटणी मागायला शिकलो, पण भिंतीवर साताऱ्याचंच कॅलेंडर! दोन शिकल्यासवरल्या बायकांना महिनाभराचा फरक कळला नाही. हसावं की रडावं, मला कळेना.

निनाद दुसऱ्या दिवशी पहिल्या विमानाने यायला निघाला. धुक्यामुळे ते दुपारी अमौसी विमानतळावर उतरलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. आल्या आल्या आईला घट्ट धरलं आणि मग बोलायला लागला.

"बस, आई. हो गया. तारीख तक गलत, और तुम अकेली जाओगी? परसों की फ्लाइट है मेरी, साथ चलो."

सुलभा खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं, हरली. मग ती शांतपणे म्हणाली, "परवाची आहे ना? मग उद्या चालते मी."

"इस कोहरे में?"

"तू मिश्रिखला थांब. बाराच्या आत पोचले तर तू पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाहीस. नाही पोचले, तर परवा तुझ्याबरोबर विमानात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. काकू काहीतरी बोलतील, अशा आशेने. काकू नव्या मोज्यांची लेबलं काढत बसल्या.

त्याच संध्याकाळी टॅक्सी करून आम्ही तिघं नैमिषारण्याला गेलो. त्रिवेदीजींनी तीच खोली उघडून दिली. सकाळी आठला सुलभा निघाली. कानटोपी, शाल, पाठीवर छोटी पिशवी. वीस पावलांत ती धुक्यात दिसेनाशी झाली. वाटेत गाडी न्यायची नाही, असं तिने आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं, म्हणून निनाद आणि मी दुसऱ्या रस्त्याने, लांबच्या वळशाने मिश्रिखला गेलो आणि दधीची कुंडाजवळ उभे राहिलो.

दहा वाजले. अकरा. निनादने चार कप चहा प्यायला. फोन लागत नव्हता. साडेअकराला तो म्हणाला, "काकू, मैं जा रहा हूँ." मी त्याचा हात धरला. "शब्द दिलाय ना? मी वळणापर्यंत बघून येते."

वळणावर कुणी नव्हतं. मी तशीच थोडी पुढे गेले. तोंडाने रामरक्षा चालू. तेवढ्यात धुक्यातून एक ई-रिक्षा आली आणि पाकुडाच्या झाडाखाली थांबली. तिच्यातून सुलभा उतरली.

तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. मी चटकन पाठ फिरवली आणि कुंडाकडे धावत सुटले. "आली! निनाद, आली रे!" माझा आवाज इतका मोठा असेल असं मलाच वाटलं नव्हतं.

बाराला बारा मिनिटं कमी होती. निनाद धावत गेला, भर रस्त्यात आईच्या पाया पडला. रडत होता, हसत होता. "ठीक है आई, जीत गईं तुम. रहो अपने लखनऊ में. मैं कुछ नहीं बोलूँगा."

झालं, म्हटलं. देव पावला. एका खोट्याने कुणाचं वाकडं होणार होतं?

"निनाद," सुलभा म्हणाली, "शेवटचे तीन किलोमीटर मी ई-रिक्षाने आले."

तो तिच्या पाठीवरची पिशवी काढून घेत होता.

"पाय दुखले नाहीत. चक्करही नाही. एका पुलापाशी जरा टेकले आणि उठले, तर आपण कुठून आलो आणि कुठे जायचंय तेच कळेना. दोन्हीकडे सारखं पांढरं. हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. मग पुलाच्या कठड्याला धरून बसून राहिले. ई-रिक्षा आली म्हणून आले."

"कोहरा था आई. किसी के साथ भी हो सकता है."

"हो ना," मी मध्येच म्हटलं. "धुक्यात कुणालाही होतं. आठ किलोमीटर चाललीस, ते काय कमी आहे? फेब्रुवारीत पुन्हा ये. आपल्या माघात ये!"

सुलभा माझ्याकडे वळली. तिच्या पापण्यांवर दव होतं. मला तिचा इतका राग आला होता की तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

"कुणी विचारलं होतं तुला?" मी म्हणाले. "मी बोलले असते का कुणाला? जन्मात बोलले नसते!"

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण रात्री दार लावल्यावर त्या घरात मी एकटी असते, कल्पना. तुझं खोटं तू वर घेऊन झोपशील. मी खाली काय करू?"

मग तिने निनादला विचारलं, उद्याचं विमान किती वाजता आहे.