बिनपंखाचा नाकतोडा

मला एका प्राध्यापकाने फसवलं. परवा शाहूपुरीतल्या दवाखान्यात सुई टोचण्याआधी नर्सने दंडावर स्पिरिटचा कापूस फिरवला आणि त्या वासाने डोकं पुन्हा तापलं. जोतिबाच्या देवळाबाहेर नारळ विकून मी जीप घेतली. फुकट कुणाला बसवत नाही, पण या प्राध्यापकाला आमच्या पठारावर नेलं. तिथे कातळावरच्या गवतात बिनपंखाचे नाकतोडे होते. तो त्यांचा एकेक पाय तोडून स्पिरिटच्या बाटलीत टाकत होता. म्हणाला, "यातल्या जनुकांवरून यांचे भाऊबंद कुठे आहेत, कधी वेगळे झाले, ते कळतं." मी म्हटलं, "आमच्या भाऊबंदकीचा निकाल कोर्टात लागंना, आणि तुम्ही किड्यांचा लावताय व्हय? पावणं, भाडं नगं. ह्यो किडा दुसरीकडं कुठं न्हाय असं निघालं, तर पयलं मला सांगायचं. खाणवाला पठार मागतोय, त्याला अडवाय कायतरी पायजे की." "शब्द देतो, काका." पुढे त्याने माझा फोनच उचलला नाही. गावसभेत मी एकटा ओरडलो, लोक हसले आणि पठार खाणीला गेलं. गेल्या महिन्यात दोन विद्यार्थिनी तोच नाकतोडा शोधत आल्या. तो फार पूर्वी भाऊबंदांपासून तुटला आणि फक्त याच पठारावर उरला, असं प्राध्यापकाने छापलंय म्हणाल्या. कधी छापलं विचारलं, तर गावसभेच्या आधी. मी त्यांना पठाराच्या जागी पाणी साठलेला खाणीचा खड्डा दाखवला. त्याला माहीत होतं, तरी तो गप्प का बसला? या खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याने मला उत्तर द्यावं.